मागराखी

"बिनीवाले, पुढे बघ! मागराखे, दिवा धर!"

बाबांचा हा आवाज अजूनही माझ्या कानात जिना चढतो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो आणि जिन्यातले दिवे कायम गेलेले. बाबा मुद्रितशोधक होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वेचून संध्याकाळी आम्हा दोघी बहिणींना शाळेतून आणायचे. धाकटी त्यांच्या खांद्यावर, म्हणजे फौजेच्या आघाडीची बिनीवाली. मी मागे, पिछाडीची मागराखी, दोन दप्तरं, एक छत्री आणि बॅटरी सांभाळत. चढता चढता बाबा स्वतःच रचलेलं गुणगुणायचे:

घोडं ज्याचं त्याचं, तो गं शिलेदार
सरकारी घोड्यावर, बारगीर स्वार
पुढे चाले बिनी, वाट दाखवीत
मागराखा शेवटी, सांडलं वेचीत

सांडलं वेचीत! धाकटीची चप्पल दर मजल्यावर सांडायची. वेचणारी कोण, ते सांगायला नको.

पुढे दोघीही शब्दकोशाच्या कचेरीत लागलो. एकच टेबल, समोरासमोर खुर्च्या. यंदा संपादकबाईंनी विभाग वाटले, तेव्हा धाकटीला सैनिक मिळाले आणि मला भांडी. महिनाभर मी झाकण्या, तसराळी, चरव्या लिहीत होते आणि समोर तिची फौज निघालेली: तिरंदाज, भालाईत, गोलंदाज. बाई तिच्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणायच्या, "वा! पाईक आणि प्यादा यांतला फरक किती नेमका सांगितलास!" माझ्या चरवीला कुणी वा म्हटलं नाही. मी आतून जळत होते, वरून हसत होते.

चहा घेऊन येणारे काका एकदा धाकटीला म्हणाले, "ताई, शिपाई लिहिलात ना? मग लढाईच्या अर्थाखाली आमचाही अर्थ घाला. कपबशा सांभाळत तीन मजले चढणं म्हणजे काय खेळ आहे?"

"घातलाय काका, दोन नंबरला," ती म्हणाली. सगळी खोली हसली. मला तेही लागलं. माझ्या विभागात कपबशी होती की! मला का नाही कुणी विचारलं?

सैनिकांच्या चिठ्ठ्यांचा खोका छापखान्यात जायचा होता त्या दिवशी बाईंनी मला आत बोलावलं. धाकटी तिथेच होती, हातात एक पिवळी चिठ्ठी उलटी धरून. पिवळी चिठ्ठी म्हणजे पुस्तकात न सापडलेला, फक्त तोंडी ऐकलेला शब्द. तो कोशात यायला दोन माणसांची साक्ष लागते. दुसऱ्या साक्षीदाराला अर्थ सांगायचा नाही, वाक्य दाखवायचं नाही. त्याने ऐकलेलं वाक्य त्यानेच सांगायचं. साक्ष नसली तर चिठ्ठी रद्दीत.

"तुम्ही दोघी एकाच घरातल्या," बाई म्हणाल्या, "पण नियमात दोन माणसं लिहिलंय, दोन घरं नाही. बोल, 'मागराखा' हा शब्द ऐकलायस कधी?"

माझ्या हातात जणू पुन्हा ती बॅटरी आली. आयुष्यभर जे नाव मला टोचलं, ते आता हिच्या यादीत मिरवणार? हिला खांदा मिळाला, फौज मिळाली, वर माझं शेपटीचं नावही हिलाच?

"नाही ऐकला," मी म्हणाले.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच गोंधळली.

"ताई, आठव ना जरा. जिन्यात."

"अहं, मदत करायची नाही," बाईंनी तिला अडवलं. "पाचला खोका बंद होईल. तोवर आठवलं तर सांगा."

टेबलाशी येऊन बसलो. धाकटी ती चिठ्ठी बोटांनी सरळ करत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला स्वप्नच पडलं असेल गं. बाबा गेल्यापासून त्यांच्या आठवणींचं असंच होतंय. गाणं आठवतं, पण ते खरंच म्हणायचे की मीच रचलं, कळत नाही. खांद्यावरून मला त्यांच्या डोक्यातला भांग तेवढा दिसायचा. चेहरा नाही. दर मजल्यावर ते मागे वळायचे ना, थांबायचे, तेव्हा मला इतका राग यायचा! वाटायचं, मला उतरवा आणि मागे ठेवा."

"मागे?" मी विचारलं.

"तुला त्यांचा चेहरा दिसायचा ना. बॅटरीच्या उजेडात."

दिसायचा. घामाने भिजलेला, चष्मा नाकावर घसरलेला, हसरा. दर मजल्यावर एकदा. इतकी वर्षं मी चपलाच मोजत बसले होते.

तिने चिठ्ठीचे दोन तुकडे करायला हात लावला. मी तो धरला आणि तिला ओढतच आत नेलं. बाई खोक्याला दोरी बांधत होत्या.

"ऐकलाय, बाई. मघाशी मी खोटं बोलले."

"वाक्य?" बाईंनी पेन उचललं.

धाकटीने माझं बोट धरलं.

"'मागराखे, दिवा धर. तुझ्या उजेडात चाललोय आम्ही.' दर मजल्यावर वळून म्हणायचे बाबा. मला म्हणायचे."