केवळाचा तळहात

मुलांनो, जरा डोळे मिटा. समोर एक लाकडी पेटी आहे. दाराला काच, आत ओळीनं मांडलेली अंडी. कान लावला तर पिलं आतून कवच टोचताना ऐकू येतात. टक्, टक्.

ही पेटी पेडगावच्या केवळाच्या आईची. साल एक्क्याण्णव. पिलं जगली तरच तिचा कोंबड्यांचा धंदा उभा राहणार होता. आई परभणीला गेलेली. पेटीची ऊब सांभाळायला दत्तरावमामानं जुना संगणक बसवला होता. त्याचा गाभा, म्हणजे बाकी सारं ज्याच्या जिवावर चालतं तो कर्नल, मामानं नव्यानं लिहून आणला आणि त्या दुपारी चढवला. तेवढ्यात पेटी थोडी निवली होती.

पडद्यावर आकडा आला: ३६.९.

"साडेसदतीस पायजे. तापू दे," मामा म्हणाला. "आन् दाराला हात लावलास तर बघ!"

बराच वेळ गेला. केवळानं काचेला तळहात लावला आणि झटकन मागं घेतला.

"मामा, काच लय तापायलीय."

"तुझा हात थर्मामीटर हाय का गं? आकडा बघ की."

"त्योच तर हलंना! मघाधरनं तितकाच हाय."

तिनं कान लावला. टकटक थांबली होती. मामाचा धाक विसरून तिनं विजेचं बटण बंद केलं आणि दार उघडलं. गरम वाफ तोंडावर आली.

मामानं कर्नलातल्या ओळी पुन्हा वाचून काढल्या. "माझंच चुकलं, पोरी. त्या कर्नलात एक शब्द होता. 'दर वेळी नव्यानं बघ' असा त्याचा अर्थ. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो इथला कंपाइलर जुना. त्याला तो शब्द ठाऊक न्हाई, म्हणून अडला. मी शब्दच गाळला."

"मग संगणकानं एकदाच बघितलं?"

"एकदाच. आन् कमीच हाय समजून तापवत बसला."

मामानं दुरुस्ती केली. पुढं नवा कंपाइलर आला तर फक्त त्यालाच दिसेल असा तो शब्द परत घातला. इथल्या जुन्यासाठी तापमान वाचायचं काम वेगळ्या तुकड्यात नेलं, म्हणजे दर वेळी तिथं जाऊन बघावंच लागेल. पेटी निवल्यावर दार लावलं, बटण दाबलं. आकडा हलू लागला. ३७.२. ३७.४. ३७.५. मग ऊब आपोआप थांबली.

कोपऱ्यातून एकच बारीक आवाज आला. टक्.

"झालं बघ! आता आकडा खरा हाय," मामा म्हणाला.

केवळानं पडद्याकडे पाठ केली आणि तळहात पुन्हा काचेवर ठेवला.