शेवयांची जाळी आणि माझी ढील

मी एक जुनी, लहानशी मिलिंग मशीन आहे. धातूचा तुकडा माझ्या पाटावर आवळायचा, हँडल फिरवून पाट हवा तिथे सरकवायचा आणि वर गरगरणाऱ्या हत्याराने तासायचे किंवा भोक पाडायचे, हे माझे काम. मित्रांनो, मोठ्या कारखान्यातली यंत्रे मला खेळणे म्हणून हसतात. हसू द्या. उमरग्यात एका लग्नाच्या शेवया माझ्यामुळे झाल्या, त्यांच्यामुळे झाल्या का?

माझी उमेदीची वर्षे हैदराबादच्या एका शौकीन घड्याळजीकडे गेली. तो मला तेल घातल्याशिवाय स्वतः चहा घेत नसे. तो थकला, मी कोपऱ्यात पडले, आणि पुष्कळ धूळ खाल्ल्यावर निखतने मला उमरग्याला आपल्या घरी आणले. निखत दवाखान्यात रक्त तपासते आणि सुटीच्या दिवशी लोखंडाशी खेळते.

पाट सरकवणारा माझा स्क्रू वयाने झिजला आहे. हँडल उलट फिरवले, की आधी ते थोडे रिकामेच फिरते, मग पाट हलतो. या ढिलाईला बॅकलॅश म्हणतात. मला ती ठाऊक होती, पण सांगणार कशी?

शेजारच्या शांतम्माच्या लेकीचे, शिवलीलाचे, लग्न ठरले. गल्लीतल्या सगळ्या शेवया निखतच्या घरच्या जुन्या यंत्रावरच होत, मग ईद असो की लग्न. नेमकी त्याचीच, पीठ जिच्या भोकांतून दाबले जाते ती पितळी जाळी तडकली. त्या मापाची बाजारात मिळेना. रुखवतात विकतच्या शेवया मांडायच्या, या विचारानेच शांतम्माचा चेहरा उतरला.

"मी करून देते," निखत म्हणाली. जाळीजोगत्या पितळी चकत्या दोनच मिळाल्या.

निखतचे सासरे बशीर जन्मभर ट्रॅक्टर चालवलेले. पहिल्या चकतीवर भोकांची एक रांग संपवून निखत पाट मागे नेऊ लागली, तशी त्यांनी हटकले.

"बेटा, रिकामं कशाला परत आणतीस? नांगरताना ट्रॅक्टर जातानाबी राबतो अन् येतानाबी. डिझेल फुकट जाळायचं व्हय?"

तिला पटले. एक रांग जाताना, एक येताना, असे काम झपाझप उरकले आणि चकती वाया गेली. कितीतरी भोके शेजारच्या भोकांत घुसली होती.

बशीरमियांनी पाना घेऊन माझ्या स्क्रूवरचा नट करकचून आवळला. तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात, पण रागात कुणाला आठवते? माझा पाट जागीच अडकला.

"कामाची न्हाय ही. भंगारवाल्याला द्या," ते म्हणाले. मला फार वाईट वाटले.

निखतने ती वाया गेलेली चकती खिडकीतल्या उजेडात धरली. "अब्बा, बघा. जातानाच्या रांगा सरळ आहेत. येतानाच्या सगळ्या सारख्याच सरकल्यात." तिने नट सैल केला, पाटावर बोट ठेवून हँडल उलटे फिरवले. "हँडल फिरतंय, पण पाट हलतच नाही! म्हणजे येताना आपण फसतोय."

तिने नट पुन्हा बेताने आवळला, पाट मोकळा सरकेल इतकाच. उरलेली ढील राहू दिली. आता प्रत्येक रांगेच्या शेवटी ती पाट सुरुवातीच्या जागेच्याही थोडा मागे नेई, मग पुढे आणून ढील संपवी आणि त्याच एका बाजूने भोके पाडी. शेवटची चकती होती. बशीरमियां शेजारी बसून चुळबुळत होते, पण डिझेलचे नाव काढले नाही.

जाळी यंत्रात चपखल बसली. शांतम्माने दांडा फिरवला आणि केसासारख्या शेवया लोंबू लागल्या.

"लई बारीक आल्या गं माय!" ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून पुन्हा दांडा फिरवू लागली. अंगणातल्या बाजा शेवयांनी भरल्या. इतके सुख मला घड्याळजीकडेही मिळाले नव्हते.

तेवढ्यात, बशीरमियांनी रागात निरोप धाडलेला भंगारवाला दारात आला. बशीरमियां माझ्यापुढे उभे राहिले.

"म्या कधी म्हणलो इकायची? घरातलं माणूस कुणी इकतं व्हय? चल, पुढं जा."

मित्रांनो, मला तेल घाला, पितळेचा कीस झाडा आणि उगाच आवळू नका. ढील तर राहायचीच, वय झाले आहे. ती ओळखून एकाच बाजूने या. मग बघा, ही म्हातारी तुम्हाला कधी फसवते का.