दुसरी खेप

सकाळी साडेनऊला लोर्ना टिबेट्सच्या पडद्यावर वणव्याचा अंदाज बांधणाऱ्या यंत्राचा सल्ला उमटला. वणवा अजून डोंगरापलीकडे आहे. वारा असाच राहिला तर दुपारी एकच्या सुमारास खोऱ्याच्या एकुलत्या एक रस्त्यावर येईल. अकराला खोरं रिकामं करायला सांगा, रस्त्याच्या दोन्ही बाजू खाली येणाऱ्या गाड्यांना द्या. घरं एकशे चाळीस, सगळी रिकामी व्हायला पन्नास मिनिटं.

अमेरिकेत, ओरेगनमधल्या त्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, ती आपत्ती अधिकारी. हुकमावर सही तिचीच लागायची.

"बेस्ट," शेरीफ ड्वेन केसलर म्हणाला. "अकरापर्यंत थांबू. गेल्या वर्षी उगाच लोकांना बाहेर काढलं, तर किराणा दुकानात अजून टोमणे खातोय मी."

लोर्ना सही करता करता थांबली. ती त्याच खोऱ्यात वाढलेली. "ड्वेन, वरच्या टोकाचा तो वेंडेल हाउगे आधी कुणाला खाली आणेल? बायकोला की घोड्यांना?"

"घोड्यांना. बायकोच तसं बजावेल."

"आणि मग?"

"मग घोड्यांचा ट्रेलर रिकामा करून बायकोसाठी परत वर..." शेरीफचा चेहरा उतरला. "अरे देवा. समोरासमोर अडकतील सगळे."

यंत्राने घरटी एक गाडी, एक फेरी धरली होती. खेपांचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लोर्नाने टाइप केलं: निम्म्या घरांत घोडे आहेत, ही माणसं एकदा परत वर जाणार. अर्ध्या मिनिटात उत्तर बदललं. दोन तास चाळीस मिनिटं. एक बाजू वर जायला मोकळी ठेवा. आत्ताच निघायला सांगा.

बाहेर आभाळ निळंशार होतं. तिने सही केली आणि वेंडेलला फोन लावला.

"कुठाय गं पोरी तुझी आग?"

"डोंगरामागे. घोडे काढा. परत वर जायला रस्ता उघडा ठेवतेय."

"अडवणार नाहीस?"

"बारापर्यंत नाही."

"सरकारकडून हे पहिल्यांदाच ऐकतोय," म्हणत त्याने फोन ठेवला.

बारा वीसला शेवटचा ट्रेलर उतरला. एक वाजून सात मिनिटांनी आगीने रस्ता ओलांडला. अकरा घरं गेली, वेंडेलचंही. माणूस एकही नाही.

पुढच्या आठवड्यात लोर्नाने खोऱ्यातल्या घरांच्या आपत्ती-नोंदणीच्या अर्जात एक प्रश्न वाढवला: किती खेपा कराल? वेंडेलने तो घरं गेलेल्यांच्या छावणीतच, गुडघ्यावर ठेवून भरला: "दोन. मांजर सापडलं नाही तर तीन."

लोर्नाने यंत्राला तीन सांगितल्या.