दारामागे राहिलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. एका सरकारी कचेरीत, सुनावणीच्या खोलीच्या दारामागे मी उभी असते. खिडकीची वरची झडप उघडायची असली की कुणीतरी मला उचलते आणि काम झाले की परत कोपऱ्यात ठेवते. एरवी माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

मी जन्मले ती मेजरांसाठी. खरे तर ते मेजर नव्हते, साधे जवान होते. पण गल्लीने नाव ठेवले ते ठेवलेच. फौजेत असताना सामानाने भरलेली गाडी उलटली आणि त्यांचा डावा गुडघा तिच्याखाली सापडला. तरुणपणी त्यांनी ते दुखणे अंगावर काढले. म्हातारपणी दुखण्याने त्याचे उट्टे काढले. शेवटी शेजारच्या सुताराने त्यांना ताठ उभे केले, मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतले आणि मला घडवले. मूठ त्यांच्या पंजाला बेतून घासली, खाली रबरी टोपी बसवली.

"मला कशाला काठी?" मेजर म्हणाले. "कुत्री हाकलायला होईल फार तर."

कुत्री आम्ही एकदाही हाकलली नाहीत. दूध आणायला, दाढी करायला, बागेतल्या बाकावर बसायला मात्र रोज बरोबर गेलो. त्यांच्या तळव्याचा घाम माझ्या मुठीत मुरला. मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडला. घरी ते आणि त्यांची मुलगी, दोघेच. लोक म्हणायचे, मुलगी ही त्यांची म्हातारपणाची काठी. मग मी कोण, असे मला विचारावेसे वाटे. पण तिचा मला हेवा वाटला नाही. जिन्यावर एका बाजूला ती असे आणि दुसऱ्या बाजूला मी.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. तिचा खर्च झेपणारा नव्हता. फौजेत आलेल्या अपंगत्वाचे वेतन मंजूर झाले, तर शस्त्रक्रियाही सरकारी खर्चाने होणार होती. म्हणून मुलीने अर्ज केला आणि आम्ही तिघे तपासणीला गेलो.

तिथे मेजरांनी मला बाहेरच भिंतीला टेकवले. साहेबांसमोर जवान काठी टेकत जात नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले. दात आवळून ते ताठ चालत आत गेले, कडक सलाम ठोकला आणि "कसे आहात?" या प्रश्नाला "एकदम ठीक, साहेब!" असे उत्तर दिले. बाहेर आल्यावर त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला. माझी रबरी टोपी फरशीवर पार चेपली.

निकाल आला, अर्जदार आधाराशिवाय चालतो, अर्ज नामंजूर.

"बाबा, अहो, तुम्हाला दुखतंय हे त्यांना दिसायला नको का?" मुलगी रडकुंडीला आली.

"दुखणं काय दाखवायची गोष्ट आहे का, पोरी?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. मुलीने हार मानली नाही. तिने अपील केले. तारीख मिळायला फार काळ गेला आणि तोवर गुडघा आणखी बिघडला. अपिलाच्या दिवशी तिने त्यांना पुनःपुन्हा बजावले, काठी घेऊनच आत जायचे. ते हो हो म्हणाले. पण ती पाणी आणायला गेली आणि तेवढ्यात पुकारा झाला. मेजरांनी इकडेतिकडे पाहिले, मला कोपऱ्यात उभे केले आणि ते आत गेले.

गुळगुळीत फरशीवर माझा पाय सरकला आणि मी धाडकन पडले. दारावरच्या पट्टेवाल्या काकांनी मला उचलले आणि मेजरांच्या मागोमाग आत नेले. मित्रांनो, मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! एकदाची मी आत चालले होते. आता सगळ्यांना कळणार होते.

टेबलामागे अध्यक्षबाई आणि एक डॉक्टर बसले होते. बाईंनी मला हातात घेतले. मुठीवरच्या खळग्यावरून त्यांचा अंगठा फिरला.

"आजोबा, ही काठी तुमची का?"

मेजर समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. "नाही, साहेब." बाईंनाही ते साहेबच म्हणत, फौजेने दुसरी हाक शिकवलीच नव्हती.

"नीट विचार करून सांगा," बाई हळूच म्हणाल्या. "तुमची असली तर तसं सांगा. त्यात काही कमीपणा नाही."

बाईंना द्यायचे होते हो! एक 'हो' पुरेसे होते.

"माझी नाही, साहेब. मी एकदम ठीक आहे."

मला राग आला आणि रागाहून जास्त वाईट वाटले. ते भिंतीला धरून बाहेर गेले. माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही, की मुलीला मला आणू दिले नाही. काकांनी मला दारामागे ठेवले. अपील फेटाळले गेले.

निकालाची प्रत न्यायला मुलगी एकटीच आली. तिने मला दारामागे पाहिले आणि चटकन हातात घेतले.

"घेऊन जा ना, ताई," पट्टेवाले काका म्हणाले. "मला काय माहीत नाही होय, कुणाची आहे ते!"

तिने मला छातीशी धरले आणि मग परत कोपऱ्यात ठेवले. "नको, काका. बाबा म्हणतात, आत शब्द दिलाय. काठी घरी आली तर मी खोटा ठरेन."

"मग दुसरी घेतली का? चालतात कसे ते?"

"चालत नाहीत," ती म्हणाली. "खिडकीशी बसून असतात."

ती गेली. त्यानंतर ती परत आलेली नाही. मोडेन पण वाकणार नाही, हा बाणा आम्हा लाकडांना शोभतो. गुडघ्यांना तो परवडत नाही.

परवा एक म्हातारे जवान आले. त्यांनीही आपली काठी गुपचूप माझ्या शेजारी टेकवली आणि सदरा नीट केला. काका स्टुलावरून उठले आणि त्यांनी ती काठी त्यांच्या हातात दिली.

"आजोबा, ही घेऊनच आत जायचं. नाहीतर मी दार उघडणार नाही."

आजोबा कुरकुरले, पण गेले. आतून तिची टकटक ऐकू आली. मला बरे वाटले. मग मी पुन्हा एकटी पडले.

मित्रांनो, घरातले कोणी 'मला काही होत नाही' म्हणाले, तर लगेच मान डोलवू नका. ते उठताना कशाला धरतात, तेवढे पाहा. आणि खिडकीशी बसलेले मेजर तुम्हाला कधी दिसले, तर त्यांना माझा निरोप सांगा. त्या दिवशी प्रश्न फक्त त्यांना विचारला होता. मला विचारला असता, तर मी 'हो' म्हणाले असते, मी यांचीच आहे.