दुसऱ्या शेडमधले शेंडे

आमच्या घरामागे तीन पॉलिहाऊस आहेत, आम्ही त्यांना शेड म्हणतो, आणि तिन्हींचा दिवस माझ्यापासून सुरू होतो. उजाडलं की बाजूचे पडदे वर गुंडाळायचे, नाहीतर आतल्या दमटपणाने पानांवर बुरशी धरते. मग ठिबकच्या नळ्या तपासायच्या, काकड्या तोडायच्या, पालेभाजीच्या जुड्या बांधायच्या आणि टोमॅटोच्या बगलफुटी काढायच्या. खोड आणि पान यांच्या बेचक्यात जो आगाऊ कोंब येतो, ती बगलफूट. ती खुडायची, शेंडा मात्र जिवापाड जपायचा आणि सुतळीला गुंडाळत वर तारेपर्यंत न्यायचा. हे मला बाबांनी शिकवलं. अकरा वर्षं मी ते करते आहे आणि अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाही ‘छान’ म्हटलेलं नाही. ‘फौजदार’ म्हणतात.

दादा, माझा थोरला भाऊ, शहरात ऑफिसात असतो. फोनवरून तो उत्तम शेती करतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त आमच्याकडे शेळ्या मी एकटीच होते.

यंदा टोमॅटो कमरेएवढे झाल्यावर बाबांनी सांगून टाकलं, "माझे गुडघे संपले. हे सगळं एकाच्या नावावर करतो. दोघांत वाटलं तर सगळ्याचंच वाटोळं. झाडं ज्याच्या हाताचं ऐकतात, त्याला देणार." दादाने लगेच आठ दिवसांची रजा टाकली. मला हसूच आलं. आठ दिवसांत झाडं त्याचं काय ऐकणार? मला ती जागा हवी होती. दुसरं काही मी कधी मागितलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर दुसरं काही मला येतही नव्हतं.

तो आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी काकड्यांचे क्रेट फाटकापाशी ठेवून परतले, तर बाबा नळावर हात धूत होते. टोमॅटोला हात लावला की बोटं काळपट हिरवी होतात, तशी त्यांची झाली होती.

"दुसरी शेड उरकली," ते खुशीत म्हणाले. "तुला दोन तास लागले असते."

मी आत गेले. वाटेवर शेंडे पडले होते. कोवळे, टोकाला कळ्यांचा झुपका असलेले, ओळीच्या ओळी. बगलफुटी मात्र जागच्या जागी ताठ उभ्या होत्या. बाबांच्या डोळ्यांवर धुरकट पडदा येतोय हे मला माहीत होतं. इतका, हे माहीत नव्हतं. एकशे चाळीस झाडं. आता प्रत्येकाची एकेक बगलफूट राखून तिलाच शेंडा करायचं, म्हणजे तीन आठवडे मागे.

मी भराभरा शेंडे क्रेटमध्ये भरत होते. बाबांच्या नजरेला पडायच्या आत खतात गाडायचे, एवढंच डोक्यात. तेवढ्यात दादा दारात आला. त्याच्या मागे बाबा.

"हे शेंडे आहेत ना?" दादा म्हणाला. फोनवर बघून बघून त्याला तेवढं कळायला लागलं होतं. "कुणी खुडले?"

बाबांनी क्रेटमध्ये वाकून पाहिलं, एक शेंडा उचलून डोळ्यांजवळ नेला. त्यांचं तोंड एकदम म्हातारं दिसलं. मला ते बघवेना.

"माझ्याकडून झालं," मी म्हणाले. "लक्ष नव्हतं."

बाबांनी हातातला शेंडा परत क्रेटमध्ये ठेवला. मग कडाडले, "लक्ष नव्हतं? अकरा वर्षं काय झोपा काढल्यास?" मी मान खाली घातली. वाटलं, ओरडू देत, तेवढाच त्यांचा मान राहील. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना तो किती वजनाचा आहे हे कुणी आधी बघत नाही.

रजेच्या शेवटच्या दिवशी चहा पिता पिता बाबांनी निकाल दिला. तिन्ही शेड दादाच्या नावावर. एवढं बोलून ते उठून गेले.

"तू आहेसच की गं," दादा मला म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की तो मोठ्या मनाने बोलतोय. "मी कुठे रोज येणार आहे? मी सांगेन, तू कर."

मी कप तसाच ठेवून उठले. बाबा दुसऱ्या शेडमध्ये सुतळ्या बांधायला गेले होते, तिथे त्यांना गाठलं. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"बाबा, ते शेंडे मी नाही खुडले. तुम्ही खुडलेत."

त्यांनी गाठ मारून पूर्ण केली. "माहीत आहे," ते म्हणाले. "क्रेट बघितला तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय? तू उद्यापासून माझ्या मागून फिरशील. मी खुडलेलं प्रत्येक पान उचलून बघशील. बोलणार काहीच नाहीस, माहीत आहे मला, आणि तेच मला सहन होणार नाही. दादाला काही कळत नाही. त्याच्यापुढे मी अजून जाणकार आहे."

"आणि मी? अकरा वर्षं, बाबा."

"तू कुठे जाणार आहेस?"

मला त्यांचा भयंकर राग आला. ज्या माणसाची लाज मी माझ्या अंगावर घेतली, त्याला माझं तोंडच नकोसं झालं होतं. मी वळले आणि दाराकडे चालू लागले.

"ए फौजदार," त्यांनी मागून हाक मारली. आवाज एकदम खाली आला होता. "जाताना एवढं एक झाड बघ. यातली बगलफूट कुठली आणि शेंडा कुठला?"

त्यांनी दोन्ही कोंब दोन हातांत धरले होते. मला दारातूनही स्पष्ट दिसत होतं. मी सांगितलं नाही.