अंगारकीची शुगर

वैदेहीला सातवा महिना लागला होता आणि तिने अजून एकही डॉक्टर पाहिला नव्हता. नेदरलँड्समधल्या न्यूनेनमध्ये बाळंतपण सुईण करते. सगळं नीट असेल तर डॉक्टर मिळत नाही, काहीतरी बिघडावं लागतं. वैदेहीचं काहीच बिघडत नव्हतं. ती रोज रडायची.

"तुझ्या नवऱ्याला एक डॉक्टर आणता येत नाही?" पुण्याहून आलेल्या शामलाबाई मुलीला विचारायच्या. जावई अनिमेष शेजारीच बसलेला असायचा.

वैदेहीच्या बाबांना मधुमेह, म्हणून हनेके या सुईणीने रक्त तपासायला सांगितलं. मंगळवारी सकाळी, उपाशीपोटी. अनिमेषने घरी तसंच सांगितलं. मंगळवारी नेमकी अंगारकी होती, त्यामुळे कुणालाच वेगळं काही करावं लागलं नाही. रक्त काढणाऱ्या बाईने विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" वैदेही म्हणाली, "छे, उपास आहे." तिच्या चेहऱ्यावर इतकी सात्त्विकता होती की त्या बाईने पुढे काही विचारलंच नाही.

दोन दिवसांनी हनेकेचा फोन आला. साखर आठ पूर्णांक दोन. आता हॉस्पिटल, स्त्रीरोगतज्ज्ञ, बाळंतपणही तिथेच.

अनिमेषने जड आवाजात ही बातमी घरात सांगितली. वैदेहीने त्याला मिठी मारली.

"आठच?" शामलाबाई म्हणाल्या. "ह्यांची दोनशे असते!"

"आई, इथलं माप वेगळं. अठराने गुणायचं. एकशे अठ्ठेचाळीस."

"मग ठीक आहे," म्हणून त्या देवापुढे साखर ठेवायला गेल्या.

अनिमेष गोंधळून उभा राहिला. तो सॉफ्टवेअरच्या चाचण्या करायचा. उत्तर विचित्र आलं की आत काय टाकलं होतं ते आधी बघायचं, ही त्याची सवय.

"आई, मंगळवारी सकाळी हिने काय खाल्लं होतं?"

"काही नाही हो, अनिमेषराव. उपास होता."

"म्हणजे?"

"म्हणजे साबुदाण्याची खिचडी. बटाटा घालून. दोनदा घेतली, दोन जिवांची आहे. वर एक केळं."



"हे तिकडे बोलायचं नाही," वैदेही म्हणाली. "पोरीला डॉक्टर मिळालाय," शामलाबाई म्हणाल्या. अनिमेषने मान डोलावली. नेमकं काय कबूल केलं, हे त्याला कळलं नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ सव्वासहा फुटी होते. त्यांनी कागदावर गर्भाशयातली वार काढून दाखवली. तिच्यातून निघणारी हार्मोन्स इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, म्हणून रक्तात साखर साचते. अनिमेषला हे पटलं. त्याच्या ऑफिसात नवा मॅनेजर आल्यावर असंच झालं होतं. "पुन्हा मोजू, मग पथ्य," डॉक्टर म्हणाले. "तेवढ्याने भागलं नाही, तर रोज इन्सुलिनची सुई."

वैदेहीचा हात पोटावर गेला.

"तिने खाल्लं होतं," अनिमेष म्हणाला.

"अनि!"

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

अनिमेषने सांगितलं: पिष्टाचे मोती, तूप, दाण्याचं कूट, बटाटा.

"आणि हे तुम्ही खात नसता तेव्हा खाता?"

"हो."

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. मग काहीच न लिहिता म्हणाले, "उद्या सकाळी या. फक्त पाणी पिऊन."

दुसऱ्या दिवशी साखर चार पूर्णांक चार आली. डॉक्टरांनी वैदेहीचा हात हातात घेतला. "अभिनंदन. तुम्हाला माझी गरज नाही."

वैदेहीचे डोळे भरून आले. "पण तुम्ही असता तर बरं झालं असतं. तुमचा अनुभव..."

"सरळ बाळंतपणाचा?" डॉक्टरांनी विचार केला. "ती मी क्वचितच बघतो. बिघडलेलीच माझ्याकडे येतात. सरळ होणारी सगळी हनेके बघते."

यावर धीर येऊ द्यावा की घाबरावं, हे अनिमेषला ठरवता येईना. दोघं लिफ्टने खाली निघाले. तळमजला आला, दार उघडलं, पुन्हा मिटायला लागलं, तरी वैदेही हलली नाही.

"फोन कर," ती म्हणाली.

"कुणाला? आईंना?"

"हनेकेला. म्हणावं, पुढच्या आठवड्यात ये. आणि अनि, आईला तू सांगायचंस."