कळव्याच्या बांधावरचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पारसिकच्या डोंगरातून मला कळव्याच्या मिठागरावर आणले आणि छिन्नीचे घाव घालून छातीवर इंग्रजीत एक नाव कोरले: कॉनरॉय. तेव्हा मी कोरा करकरीत होतो आणि मला त्या नावाचा फार तोरा होता.

कॉनरॉय साहेब जन्माने आयरिश. इंग्रजांच्या राज्यात बापाची जमीन गेली म्हणून तो ऐन विशीत मुंबईला आला. गोदीत कारकुनी केली, मग ही मिठागरे घेतली. पैसा आला, मान आला, मुंबईच्या कायदेमंडळात खुर्चीही आली. तिथे तो नेहमी सरकारच्या बाजूने हात वर करायचा. ज्यांनी बापाला देशोधडीला लावले, त्यांच्याच बाजूने! याला खाल्ल्या मिठाला जागणे म्हणावे, तर मीठ पिकवत होती इथली माणसे. मला काही हे कोडे सुटले नाही.

एकोणीसशे एकोणीस साली उधाणात बांध फुटला. तो पुन्हा घालताना एक मजूर वाहून गेला, त्याचे प्रेतही हाती लागले नाही. बांध पुरा झाल्यावर साहेबाने त्यावर मला उभे केले. मजुराची बायको आवडाबाई दर अमावास्येला येऊन मला शेंदूर लावू लागली, दिवा ठेवू लागली. हळूहळू साहेबाचे नाव शेंदराखाली गडप झाले.

एकोणपन्नास साली साहेब कायमचा मायदेशी निघाला. निरोप घ्यायला बांधावर आला आणि मला पाहून थबकला. शेंदूर, झेंडूची फुले, नारळाच्या शेंड्या! त्याने हॅट काढली. डोळे भरून आले.

"राघो, लोक माझी पूजा करतात? हा दगड मी बोटीने घरी नेणार."

राघो मुकादम म्हणजे होयबा. "जी साहेब," म्हणाला आणि लगेच पहारी आणवल्या. माझे बूड हलले. आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटली.

आवडाबाई शेजारच्या कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, मीठ ओढत होती. ती चिखलाच्या पायांनी धावत आली.

"सायब, यो देव तुमचा नाय. माजा दादला हितंच पान्यान गेला. यो दगर नेला त मी दिवा कुठं लावू?"

साहेबाला मराठी चांगले कळत होते. त्याने हाताने पहारी थांबवल्या.

"नाव काय त्याचं?" त्याने विचारले.

राघो बांध फुटल्यानंतर कामाला लागलेला, त्याला ठाऊक नव्हते. आवडाबाईने मान खाली घातली. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही तिच्या घरची रीत.

"बाई, नावच माहीत नसेल तर मी माफी कोणाची मागू?"

आवडाबाईने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

"काळुराम," ती म्हणाली.

साहेब गेला, मी इथेच राहिलो. मित्रांनो, आम्हा दगडांना जपाच. पण आमच्यावर जे नाव कोरलेले नाही, तेही कोणाला तरी विचारून ठेवा. तीस वर्षे मी एका माणसाचा शेंदूर अंगावर वागवला, आणि त्याचे नाव मला त्या दिवशी कळले.